भूमीचा विसावा आणि पिकांची फेरपालट
जानेफळ परिसराच्या शेतीचा थोडक्यांत इतिहास

ज्युबिली हा शब्द आपण आनंदोत्सव या अर्थानें सहज उच्चारतों. परंतु त्याच्या मागची मूळ चाल शेतजमिनीशीं बांधलेली आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. जुन्या करारांतील लेवीय नामक ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत असा नियम घालून दिलेला आहे कीं, सहा वर्षें शेत पेरावें व सातवें वर्ष भूमीला विसावा द्यावा. अशीं सात सप्तकें, म्हणजे ४९ वर्षें, लोटल्यावर येणारें पन्नासावें वर्ष ज्युबिलीचें मानावें. त्या वर्षींहि पेरूं नये, आणि गरजेपायीं विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी. मनुष्याप्रमाणें भूमिहि थकते, तिला तिचा वांटा न देतां तिच्याकडून घेतच राहिल्यास अखेर दोघेंहि दरिद्री होतात, हा त्या नियमांतील मथितार्थ होय.

आमच्या धर्मग्रामांतील बहुतेक कुटुंबें आजहि शेतीवर किंवा शेतमजुरीवर जगतात. तेव्हां ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत, आपल्या भोवतालच्या काळ्या जमिनीनें किती दिलें, तिला आपण काय परत केलें, आणि पिकांच्या फेरपालटीची जुनी चाल कशी चालली व कशी मोडली, याचा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं असें आम्हांस वाटतें.

आपली जमीन

मेहकर तालुक्यांतील आपलें जानेफळ हें बुलढाणा जिल्ह्याच्या घाटावरील भागांत मोडतें. घाटाखालीं पूर्णेचें सपाट खोरें व त्यांतील खारपाणपट्टा. घाटावर मात्र उंचसखल माळ, मधून मधून भारी काळी जमीन, आणि उतारावर हलकी बरड. पैनगंगा मेहकरावरून वाहते, आणि लोणारचें प्रसिद्ध सरोवर याच टापूंत आहे. अकबराच्या काळीं लिहिलेल्या ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथांत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्यें मेहकरचें नांव आलेलें आहे. म्हणजे या मातीवर सारा घेण्याची चाल तरी बरीच जुनी आहे.

ही काळी माती ज्वालामुखीच्या रसापासून झालेल्या काळ्या खडकाची आहे. ती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यांत भेगाळते, पावसाळ्यांत फुगते. भेगांतून वरची माती खालीं पडते व खालची वर येते, म्हणून ही जमीन स्वतःची नांगरट स्वतःच करते असें जुने लोक म्हणत आले आहेत. चुना व पालाश तिच्यांत बहुधा पुरेसे असतात. परंतु नत्र आणि कुजलेला पालापाचोळा हे तिच्यांत मुळांतच थोडे. उष्ण हवेमुळें जें कांहीं कुजतें तें लवकर जळूनहि जातें. म्हणून काळी जमीन कधींच थकत नाहीं हा समज सर्वस्वीं चुकीचा आहे. ती उशीरां थकते, इतकेंच.

बेवडाचें शहाणपण

आपल्या भाषेंत ‘बेवड’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. एका पिकानंतर जमिनींत जो बरावाईट परिणाम मागें राहतो, त्याला शेतकरी त्या पिकाचा बेवड म्हणतो. तुरीचा बेवड चांगला, हरभऱ्याचा बेवड चांगला, हें ज्ञान आपल्या वाडवडिलांना कोणत्याहि शाळेंत मिळालेलें नव्हतें. कपाशीच्या कांहीं तासांमागें एखाददुसरें तास तुरीचें टाकावें, ज्वारींत मूग-उडीद मिसळावे, ज्या शेतांत यंदा कपाशी तेथें पुढील वर्षीं ज्वारी पेरावी, भारी जमिनींत पावसाळाभर वखरणी करून रब्बींत गहू, हरभरा किंवा जवस घ्यावा, आणि कस उतरला असें दिसल्यास तुकडा पडीक टाकावा, अशी ती व्यवस्था होती. धनगराचा कळप शेतांत बसविणें, उकिरड्याचें खत वैशाखांत पसरणें, तलावाचा गाळ आणून टाकणें, हीं तिचीं अंगें होत.

हें शहाणपण केवळ आपलेंच होतें असें नव्हे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’मध्यें झाडें लावण्यापूर्वीं जमिनींत तीळ पेरून तो फुलावर आला म्हणजे मातींत गाडावा, असा उपदेश आहे. सेमिनरींत लॅटिन शिकतांना व्हर्जिल कवीचें शेतीविषयक काव्य आम्हीं वाचलें. त्यांतहि एक वर्षाआड जमिनीला विसावा द्यावा, अथवा जेथें शेंगांचें पीक येऊन गेलें तेथें गहू पेरावा, असें सांगितलें आहे. पुढें इंग्लंडांतील नॉरफोक परगण्यांत गहू, सलगम, जव व क्लोव्हर नांवाचें शेंगवर्गीय गवत अशी चार वर्षांची फेरी रूढ झाली, आणि अठराव्या शतकांत त्या देशाची शेती तिनें पालटून टाकली. पडीक वर्षाच्या जागीं शेंगवर्गीय चारा आला. चाऱ्यानें जनावरें वाढलीं. जनावरांच्या शेणानें गहू वाढला. विसावा आणि उत्पन्न यांची सांगड घालणारी ही युक्ति होती.

इ. स. १८८९ मध्यें डॉ. व्होएल्कर नांवाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानची शेती पाहण्यास सरकारकडून पाठविले गेले. त्यांचा मोठा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. येथील शेतकऱ्यास सर्व कांहीं शिकवावयाचें आहे अशा समजुतीनें येणाऱ्या साहेबांना त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, मिश्र पिकें व फेरपालट यांचें ज्ञान या शेतकऱ्यापाशीं उत्तम आहे. त्याची खरी अडचण खताची आहे, कारण सरपण नसल्यामुळें शेणाच्या गोवऱ्या करून तें चुलींत जातें. सरपणासाठीं झाडें लावा म्हणजे शेण शेताला मिळेल, असा त्यांचा उपाय होता. त्यापूर्वींच १८८३ मध्यें महात्मा जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकांत, ताली-बंधारे घालून पाणी शेतांत मुरवावें व सुपीक माती वाहून जाऊं देऊं नये, अशी मागणी सरकारपुढें मांडली होती.

शेंगेच्या मुळांतील गुपित

शेंगेच्या पिकानें जमीन सुधारते हें सर्वत्र ठाऊक होतें. कां सुधारते हें मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणास उमगलें नव्हतें. हवेंत शेंकडा ७८ भाग नत्रवायु आहे. तरी ज्वारी, कपाशी वा गहू यांना तो हवेंतून घेतां येत नाहीं. जर्मनींतील हेलरीगेल व विल्फार्थ या दोघां शास्त्रज्ञांनीं १८८६ ते १८८८ या काळांत असें दाखवून दिलें कीं, वाटाण्यासारख्या झाडांच्या मुळांवर ज्या लहान गांठी येतात त्यांतील सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र पकडून झाडाला देतात. १८८८ मध्येंच हॉलंडांतील बायेरिंक यांनीं ते जंतु निराळे काढून दाखविले. तुरीचें रोप हलक्या हातानें उपटून पाहिल्यास या गांठी कोणासहि दिसतील. कापल्यावर आंतून तांबूस दिसली तर ती गांठ कामावर आहे असें समजावें.

परंतु फेरपालटीचा लाभ केवळ नत्रापुरता नाहीं. तुरीचें सोटमूळ खोल जातें, वरच्या पिकांना न पोहोंचणारें अन्न खालून आणतें, आणि झडलेल्या पानांच्या रूपानें तें पृष्ठभागावर टाकतें. ज्वारीचीं मुळें जाळ्यासारखीं पसरून माती बांधून ठेवतात. शिवाय प्रत्येक पिकाचे शत्रु निराळे. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला ज्वारीवर ज्वारी घेतल्यास माजतो. मध्यें कपाशी आली कीं तिच्या मुळांच्या स्रावानें त्याचें बीं उगवतें, पण कपाशीवर त्याला जगतां येत नाहीं, म्हणून तें उगवून मरतें. उलट, तुरीच्या मर रोगाची बुरशी मातींत कित्येक वर्षें टिकून राहते. ज्वारीच्या फेरीनें किंवा ज्वारीच्या मिश्रणानें तिचा जोर कमी होतो. कपाशी-ज्वारी-तूर ही वऱ्हाडची जुनी त्रयी येणेंप्रमाणें एकमेकींची राखण करीत होती. ज्यांनीं ती बसविली त्यांना जंतूंचीं व बुरशींचीं नांवें ठाऊक नव्हतीं, परंतु फळ ठाऊक होतें.

पांढऱ्या सोन्याचा मोह

१८५३ सालच्या तहानें निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस मँचेस्टरला जाईनासा झाला, आणि साऱ्या गिरणीवाल्यांची दृष्टि वऱ्हाडाकडे वळली. मुंबईहून येणारा लोहमार्ग घाटाखालच्या भागांतून जात १८६७ मध्यें नागपुरास पोहोंचला. १८७० मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खामगांवच्या लोहमार्गाचें व कापूसबाजाराचें उद्घाटन झालें. घाटावरून कापसाच्या गाड्या खालीं उतरूं लागल्या.

यांत शेतकऱ्याची चूक होती असें आम्ही म्हणत नाहीं. सारा रोख पैशांत द्यावयाचा, कापसाला रोख पैसा मिळावयाचा. मग कापूस वाढला यांत नवल तें काय? परंतु परिणाम असा झाला कीं, पडीक ठेवण्याची चाल मागें पडली, गुरांचीं चराऊ रानें नांगराखालीं गेलीं, रब्बीच्या गव्हा-जवसाचा पेरा आकुंचित होत गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं वऱ्हाड म्हणजे कापूस व ज्वारी असें समीकरण होऊन बसलें. १८९९ साली पाऊस अजिबात फसला. त्या दुष्काळांत धान्याबरोबर कडब्याचाहि तुटवडा पडला व गुरें मोठ्या प्रमाणांत दगावलीं. गुरें गेलीं म्हणजे खत गेलें, हें सांगावयास नकोच. तथापि कापसाबरोबर ज्वारी व तूर टिकून होतीं, तोंवर फेरपालटीचा कणा मोडलेला नव्हता.

मध्यंतरीं एक उपयुक्त प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख केला पाहिजे. इंदूर येथील वनस्पति-उद्योग संस्थेंत १९२४ ते १९३१ पर्यंत सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं काम केलें. पऱ्हाट्या, काडीकचरा, शेण व गोठ्यांतील मूत्रमाती यांचे थर रचून, ते वेळोवेळीं उलथून, थोड्या महिन्यांत उत्तम खत करण्याची ‘इंदूर पद्धति’ त्यांनीं तेथें बसविली. १९३१ साली या विषयावर जें पुस्तक निघालें त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड या आपल्याकडील गृहस्थांचेंहि नांव आहे. जी पऱ्हाटी आपण धुऱ्यावर पेटवून देतों, तिच्यापासून सोन्यासारखें खत होतें, हें त्यांनीं जगास दाखविलें.

गोणीचें युग

१९०९ मध्यें जर्मन शास्त्रज्ञ हाबर यांनीं हवेंतील नत्रापासून अमोनिया करण्याची कृति यशस्वी केली. बॉश यांनीं तिचा कारखाना उभारला, आणि नत्र गोणींत मिळूं लागला. स्वातंत्र्यानंतर आपल्या देशांत १९६४ साली संकरित ज्वारी व १९७० साली संकरित कपाशी आली. अकोल्यास १९६९ मध्यें कृषि विद्यापीठ स्थापन झालें. या सर्वांनीं भुकेशीं झुंज दिली, आणि १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला आहे ते त्या झुंजीचें मोल जाणतात. म्हणून रासायनिक खतांस सरसकट शिव्याशाप देणाऱ्यांच्या पंक्तींत आम्ही बसत नाहीं. परंतु गोणीनें नत्र येतो, माती येत नाहीं. कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर जगणारे असंख्य जीव, पाणी धरण्याची शक्ति, मुळांना मोकळें करणारा भुसभुशीतपणा, हें गोणींत भरून मिळत नाहीं.

त्यानंतर सोयाबीन आलें. गेल्या शतकाच्या अखेरीस व या शतकाच्या आरंभीं त्यानें आपल्या घाटावरचें शिवार जवळजवळ व्यापलें. तीन-साडेतीन महिन्यांत निघणारें, रोख पैसा देणारें, पाठोपाठ हरभऱ्याला जागा करून देणारें हें पीक शेतकऱ्यास आवडलें तें उगाच नव्हे. २००२ मध्यें बोंडअळीस तोंड देणारी बीटी कपाशी आली व तीहि पसरली. या दोहोंच्या मध्यें ज्वारी चेंगरली. ज्वारी गेली, कडबा गेला. कडबा गेला, गोठा रिकामा झाला. गोठा रिकामा झाला, उकिरडा बसला. यंत्रानें नांगरट सोपी झाली, पण यंत्र शेण देत नाहीं.

सोयाबीन हें शेंगवर्गीय असतां जमीन कशी उतरेल, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, त्याच्या दाण्यांत शेंकडा ४० च्या सुमारास प्रथिनें असतात. त्या प्रथिनांबरोबर नत्राचा मोठा भाग पोत्यांत भरून बाजारांत जातो, व त्याबरोबर स्फुरदहि जातो. मागें राहणारा पाला थोडा व लवकर कुजून नाहींसा होणारा. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, वर्षानुवर्षें तेंच पीक घेतल्यानें चक्रभुंगा, खोडमाशी व पिवळा मोझॅक यांस कायमचें घर मिळतें. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनें बीटी कपाशीस न जुमानतां महाराष्ट्रांत हाहाकार केला. २०२३ मध्यें पिवळ्या मोझॅकनें विदर्भांतील सोयाबीन पिवळें पाडलें. एकाच पिकावर भिस्त ठेवण्याची शिक्षा बाजारहि देतो. २०२१ च्या पावसाळ्यांत क्विंटलमागें दहा हजारांच्या घरांत गेलेलें सोयाबीन २०२४ च्या हंगामांत, हमीभाव ४,८९२ रुपये असतां, त्याच्याहूनहि कमी भावानें विकावें लागलें.

इंग्लंडांत रॉदमस्टेड येथें १८४३ पासून एकाच शेतांत गव्हाचा प्रयोग अखंड चालू आहे. त्या शेताच्या कांहीं भागांत गव्हावर गहू घेतला जातो, व कांहीं भागांत मध्यें इतर पिकांची फेरी देऊन. फेरीनंतरचा गहू सततच्या गव्हाहून सरस येतो असें तेथें आढळलें आहे. ज्यांच्यापाशीं वाटेल तितकें खत विकत घेण्याचें सामर्थ्य आहे त्यांच्या शेतांतहि फेरपालटीची जागा गोणीनें भरून निघत नाहीं, तर आपल्या कोरडवाहू तुकड्यावर ती कशी निघावी?

आतां काय करावें

कागदावर उपदेश करणें सोपें आहे, हें आम्ही जाणतों. ज्वारी पेरा म्हटल्यास शेतकरी तत्काळ उत्तर देतो कीं, पांखरें व रानडुकरें तिचें एक कणीस ठेवीत नाहींत, कापणीला मजूर मिळत नाहींत, आणि भाव हातचा नाहीं. या तक्रारी खऱ्या आहेत. म्हणून एकट्यानें एक एकर ज्वारी पेरून रानडुकरांस जेवण घालण्यापेक्षां, लगतच्या धुऱ्याच्या चार-पांच शेतकऱ्यांनीं एकत्र ठरवून सलग पट्ट्यांत ती पेरावी व राखण वांटून घ्यावी, हें बरें.

आमची सूचना साधी आहे. ज्याच्यापाशीं तीन एकर असतील त्यानें त्यांचे तीन वांटे करावे. पहिल्यांत कपाशी व तिच्या ओळींमध्यें मूग किंवा उडीद. दुसऱ्यांत ज्वारी व तूर. तिसऱ्यांत सोयाबीन, आणि ओल असल्यास पाठीमागून हरभरा किंवा करडई. पुढील वर्षीं वांटे फिरवावे. तीन वर्षांत प्रत्येक तुकड्यावरून शेंगेचें पीक, तंतूचें पीक व कडब्याचें पीक जाऊन येतें. आणि दर वर्षीं घरांत धान्य, डाळ, चारा व रोख पैसा हीं चारहि थोडीं थोडीं येतात. एक पीक बुडालें तरी घर बुडत नाहीं. ज्यास ज्वारी मुळींच शक्य नाहीं त्यानें निदान सोयाबीनच्या चार तासांमागें तुरीचीं दोन तासें टाकावीं, व तेंच शेत पुढील वर्षीं कपाशीस द्यावें. कुटार, पऱ्हाट्या व काडीकचरा पेटवूं नये. मातीची तपासणी करून घ्यावी. २०१५ पासून सरकार त्यासाठीं मृद-आरोग्य पत्रिका देत आलें आहे, ती पेटींत ठेवून न देतां वाचावी.

एका गोष्टीचा विचार मात्र जमीनमालकांनीं केला पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ जमीन मक्त्यानें किंवा बटईनें, व तीहि एकेका वर्षाच्या बोलीनें, दिली जाते. ज्याला पुढच्या वर्षीं तें शेत मिळेल याची शाश्वती नाहीं, तो तेथें शेणखत कशासाठीं घालील? बेवड त्यानें तयार करावा आणि पीक दुसऱ्यानें न्यावें, ही अपेक्षा न्यायाची नाहीं. तेव्हां जमीन द्यावयाचीच असेल तर ती निदान तीन वर्षांच्या, म्हणजे एका पूर्ण फेरीच्या, करारानें द्यावी. यांत मक्तेदाराचें हित आहे, आणि मालकाच्या जमिनीचेंहि आहे. ज्युबिलीच्या जुन्या नियमांत जमिनीचा विसावा आणि गरिबाचा हक्क हीं दोन्हीं एकाच अध्यायांत सांगितलीं आहेत, तीं निराळीं करतां येत नाहींत म्हणूनच.

जमिनीचा कस एका हंगामांत वाढत नाहीं. पहिल्या फेरींत फरक डोळ्यांना जेमतेम दिसेल. दुसऱ्या फेरींत वखर हलका चालूं लागेल, पावसाची उघडीप पिकास अधिक दिवस सोसेल. त्यापुढें हिशेबाच्या वहींत तें उतरूं लागेल. कर्जाच्या ओझ्यानें कित्येक घरांचे कर्ते पुरुष आपल्या विदर्भानें अकाली गमावले आहेत. त्या दुःखाला अनेक कारणें आहेत. एकट्या फेरपालटीनें तें निवारेल असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु बियाण्या-खताचा खर्च उतरविणारी, आणि एका पिकाच्या व एका भावाच्या तावडींतून घर सोडविणारी जी थोडीं साधनें शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातीं आहेत, त्यांत ही पहिली होय, व तिला कोणाचें कर्ज काढावें लागत नाहीं.

असो. आपल्या वाडवडिलांनीं ही काळी आपल्या स्वाधीन केली तेव्हां तिच्यांत बेवड होता. येत्या मृगापूर्वीं प्रत्येक घरानें एकत्र बसून, गेल्या तीन वर्षांत आपल्या कोणत्या तुकड्यावर कोणतें पीक होतें तें एका कागदावर लिहून काढावें. ज्या तुकड्यावर तिन्ही वर्षें एकच नांव लिहावें लागेल, तेथून यंदाची फेरपालट सुरू करावी, इतकीच आमची आपल्या धर्मग्रामवासीयांस विनंति आहे.